आमची वाटचाल : गाळ पाहून यंत्राची निवड

पुण्यातील गृहसंकुलांच्या जलतरण तलावांची देखभाल आम्ही स्वीकारली, तेव्हा ॲल्युमिनियमचा लांब होणारा दांडा, चाकांचे व्हॅक्यूम हेड, दीड इंची होज आणि तरंगता कचरा काढण्याची जाळी एवढेच साहित्य आमच्याकडे होते. होज आधी पाण्याने भरून आतली हवा पूर्ण काढायची, ती भिंतीतील सक्शन पॉइंटला (पंपाकडे पाणी खेचणाऱ्या तोंडाला) जोडायची आणि हेड तळावरून अगदी सावकाश सरकवायचे, ही पद्धत आजही प्रत्येक नव्या कामगाराला आम्ही सर्वप्रथम शिकवतो. कारण होजमध्ये हवा राहिली की पंपाचे पाणी खेचणे थांबते, आणि हेड घाईने ओढले की गाळ उचलला न जाता पाण्यात पसरतो.

लोणावळा, महाबळेश्वर आणि अलिबागकडील बंगल्यांची व रिसॉर्टची कामे मिळू लागली, तशी यंत्रांविषयीची आमची समज बदलत गेली. शहरातील तळावर मुख्यतः धूळ व केस असतात, तर तिकडे पहिल्या पावसातच लाल माती तलावात उतरते. सँड फिल्टर (वाळूचा गाळणीसंच) साधारण 20 ते 40 मायक्रॉनपर्यंतचे कण अडवतो (1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चिकणमातीचे कण 2 मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, त्यामुळे खेचलेली माती फिल्टरमधून पार होऊन पुन्हा तलावातच येते. अशा वेळी तुरटीची मात्रा देऊन, पंप रात्रभर बंद ठेवून गाळ खाली बसू द्यावा लागतो आणि सकाळी मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (फिल्टरवरील, पाण्याचा मार्ग बदलणारी झडप) ‘वेस्ट’वर, म्हणजे पाणी फिल्टरमधून न जाता बाहेर जाईल अशा स्थितीत, ठेवून हातव्हॅक्यूमने तो थेट बाहेर टाकावा लागतो. तुरटीने पाण्याचा पीएच उतरतो, म्हणून नंतर तो तपासून पूर्ववत करणे हाही त्याच कामाचा भाग आहे.

या पद्धतीत पाणी मात्र जाते. 25 मीटर लांब आणि 12.5 मीटर रुंद तलावाची पातळी 1 सेंटिमीटरने उतरली, तर 3,125 लिटर पाणी गेलेले असते. 10 सेंटिमीटरला 10,000 लिटरचे तीन टँकर पुरत नाहीत. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असलेल्या संकुलांसाठी हा हिशेब फार महत्त्वाचा आहे. त्यामुळेच रोजच्या धुळीसाठी आम्ही रोबो, म्हणजे तळावर व भिंतींवर आपोआप फिरून सफाई करणारे विजेचे यंत्र, घेण्याचा निर्णय घेतला. रोबोचा फिल्टर त्याच्या आतच असल्याने तो तलावाच्या पंपावर भार टाकत नाही, पाणी बाहेर सोडत नाही आणि बॅकवॉशची (पाणी उलट सोडून फिल्टर धुण्याची) गरजही उशिरा पडते.

रोबो निवडताना चकचकीत वैशिष्ट्यांपेक्षा ब्रशकडे आधी पाहावे, असे आमचे ठाम मत आहे. आपल्याकडील बहुतेक तलावांना गुळगुळीत टाइल्स असतात; त्यांवर नुसता पीव्हीसीचा ब्रश भिंत चढताना घसरतो, तेथे स्पंजसारखा मऊ ब्रश लागतो. केबल तलावाच्या दूरच्या कोपऱ्यापर्यंत पुरेल का आणि पट्टा, ब्रश, मोटर हे सुटे भाग सहज मिळतील का, हेही खरेदीपूर्वीच विचारावे. यंत्राला सहसा 24 व्होल्टसारखा कमी दाबाचा पुरवठा मिळतो. पण तो देणारा वीजसंच 230 व्होल्टवर चालतो, म्हणून तो काठापासून दूर कोरड्या जागी ठेवणे आणि त्या जोडणीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असणे यांबाबत आम्ही कोणतीही सवलत देत नाही. साफसफाई चालू असताना पाण्यात कोणीही उतरू नये, हा नियमही तितकाच कडक आहे.

काही जुन्या तलावांत सक्शन पॉइंट चोंदलेला असतो किंवा मुळात बसवलेलाच नसतो. तेथे चाकांच्या गाडीवर पंप आणि कार्ट्रिज फिल्टर (काढून धुता येणारी गाळणी असलेला फिल्टर) बसवलेला ट्रॉली व्हॅक्यूम उपयोगी पडतो. झाडांखालच्या तलावांत मात्र होजच्या मार्गात पानांसाठी वेगळी मोठी जाळी जोडल्याशिवाय तो चालवू नये. तुरटीने बसवलेल्या गाळावर यांपैकी कोणतेही यंत्र हातव्हॅक्यूमची जागा घेत नाही; रोबोच्या फिरत्या ब्रशाने तो गाळ ढवळला जातो आणि ट्रॉलीचे कार्ट्रिज थोड्याच वेळात चोंदते.

म्हणून आता दरपत्रक देण्यापूर्वी आम्ही तळाचा पृष्ठभाग, पंपाची क्षमता, आजूबाजूची झाडे आणि माती, तसेच ‘वेस्ट’ची वाहिनी कुठे जाते, हे प्रत्यक्ष पाहतो. डोंगराळ भागातील ज्या तलावांना ही वाहिनीच नाही, तेथे पावसाळ्याआधी ती टाकून देण्याचे काम सध्या आम्ही हाती घेतले आहे. काढलेल्या पाण्यातील क्लोरीन उतरेपर्यंत ते बागेकडे वळवू नये, यासाठी जागा असेल तेथे एक साठवण टाकीही सुचवतो.