डेन्व्हर ते मोॲब: मागे ट्रेलर, डॅशवर ट्यूनर

डेन्व्हरहून युटामधल्या मोॲबला जायचं तर आय-७० धरायचा, साधारण साडेतीनशे मैल. अंतर काही विशेष नाही. खरा प्रश्न पहिल्या शंभर मैलांचा आहे. ५,२८० फुटांवरचं शहर सोडलं की फ्लॉइड हिल, जॉर्जटाउनचा चढ, मग ११,१५८ फुटांपर्यंत नेणारा आयझेनहॉवर बोगदा. तिथून सिल्व्हरथॉर्नला घसरगुंडीसारखं उतरायचं आणि लगेच व्हेल पाससाठी पुन्हा साडेदहा हजार फुटांच्या वर चढायचं. मागे साडेपाच हजार पौंडांचा कॅम्पर असला की पिकअपचं इंजिन, गिअरबॉक्स आणि चालवणारा, तिघांचंही पाणी कळतं. ट्यूनरच्या, म्हणजे इंजिनाचा प्रोग्राम बदलणाऱ्या यंत्राच्या, जाहिरातीतले हॉर्सपॉवरचे आकडे इथे कितपत टिकतात, हे पाहायचंच होतं.

माझी गाडी २०१५ ची फोर्ड एफ-१५०, साडेतीन लिटरचं इकोबूस्ट, म्हणजे टर्बोवालं पेट्रोल इंजिन. कंपनीच्या हिशेबाने ३६५ हॉर्सपॉवर, ४२० पाउंड-फूट टॉर्क, सहा गिअर. सोबत एका कोल्हापूरकर मित्राची २०१६ ची रॅम २५००, कमिन्स डिझेल. त्याच्या गाडीला ट्यून नाही, फक्त एज कंपनीचा इनसाइट मॉनिटर आहे. म्हणजे इंजिनचा प्रोग्राम जसाच्या तसा आणि काचेजवळ तापमानं दाखवणारा पडदा. जाताना माझ्या गाडीत एका हँडहेल्ड प्रोग्रामरचा तयार 'टो' (ट्रेलर ओढण्यासाठीचा) ट्यून होता, येताना कॉब कंपनीच्या ॲक्सेसपोर्ट या प्रोग्रामरवरचा ९१ ऑक्टेनचा टोइंग ट्यून.

खरेदीपूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्या. 'परफॉर्मन्स चिप' या नावाखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पेडलच्या वायरमध्ये बसणारी डबी फक्त ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद बदलते, ताकद तसूभरही वाढवत नाही. पिगीबॅक मॉड्यूल सेन्सरचे संदेश मधल्या मध्ये बदलून इंजिनाला जास्त बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) द्यायला लावतं. आणि खरा प्रोग्रामर ओबीडी पोर्टमधून (डॅशखालचं तपासणीचं सॉकेट) ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, प्रोग्रामच बदलतो: एससीटीचा एक्स४, सुपरचिप्सचा फ्लॅशपॅक, डायब्लोस्पोर्ट, ॲक्सेसपोर्ट ही सगळी याच जातीची. एचपी ट्यूनर्सही इथलाच, पण तो लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांचा. यातले बहुतेक एका वेळी एकाच गाडीशी बांधले जातात. मित्राचा प्रोग्रामर मागून आणायचा असेल तर आधी त्याला स्वतःच्या गाडीत मूळ प्रोग्राम परत टाकून तो मोकळा करावा लागतो. जुना माल घेतानाही हाच पहिला प्रश्न विचारा, नाहीतर पाचशे डॉलरला पेपरवेट मिळेल.

आता उंचीचं गणित. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे बोगद्यापाशी जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो. टर्बोवाल्यांना ही झळ कमी बसते, कारण टर्बो जास्त फिरून विरळ हवेची भरपाई करतो. पण जास्त फिरला की हवा जास्त तापते. समुद्रसपाटीवर बूस्ट वाढवून मजा देणारा ट्यून इथे त्याच टर्बोला आणखी पिळतो. ह्यूस्टनच्या माणसाने केलेली स्तुती कोलोरॅडोत जशीच्या तशी धरू नये, ती यासाठी.

त्यातून पेट्रोल. इथल्या पंपावर बहुधा ऑक्टेनची तीन बटणं असतात: ८५, ८७ आणि ९१. टेक्ससमध्ये सर्रास मिळणारं ९३ इकडे विसरा. युटातही साधं पेट्रोल बऱ्याच ठिकाणी ८५ चंच. फोर्डची पुस्तिका ८७ च्या खालचं वापरू नका म्हणते, तरी स्वस्त म्हणून ८५ भरणारे भेटतातच. प्रोग्रामरमध्ये तयार ट्यून ८७, ९१, ९३ अशा नावांनी असतात. ९३ चा निवडून टाकीत ९१ ओतलंत, तर इंजिन नॉक (इंधन अवेळी पेटल्याचा ठोका) ऐकून ठिणगीचं टायमिंग मागे घेत बसेल आणि विकत घेतलेली ताकद परत करेल.

हे प्रत्यक्ष दिसतं. ॲक्सेसपोर्टवर ऑक्टेन ॲडजस्ट रेशो नावाचा आकडा लावता येतो. इकोबूस्टमध्ये तो उणे एक असला तर ईसीयू इंधनावर खूश. शून्याकडे सरकू लागला की कुरकुर सुरू झाली समजा. परतीच्या वाटेवर एका छोट्या गावात ९१ चं नळकांडं बंद होतं, ८७ घ्यावं लागलं. चढ लागला तसा आकडा उणे एकवरून हळूहळू वर सरकताना दिसला. गाडीच्या चालण्यात मात्र काही जाणवत नव्हतं! पुढच्या थांब्यावर ८७ चा ट्यून टाकला आणि निवांत निघालो. माझ्या मते प्रोग्रामरचे निम्मे पैसे असल्या पडद्याचेच आहेत.

जातानाचा तयार ट्यून चढावर दमदार होता, नाही म्हणत नाही. जॉर्जटाउनला पाय न दाबता गाडी ओढत गेली. 'भावा, लई पळवतोयस, कूलंट बघ जरा,' असं वॉकीटॉकीवर मागून ऐकून घ्यावं लागलं इतकी. भानगड बोगद्यापलीकडे झाली. सिल्व्हरथॉर्नचा उतार सुमारे सात टक्क्यांचा, बाजूला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रेतीचे रॅम्प. टो-हॉल (ट्रेलर ओढतानाच्या) मोडमध्ये मूळ प्रोग्राम ब्रेकला पाय लागताच खालचा गिअर टाकून इंजिनाने वेग रोखतो. या ट्यूनमध्ये गिअर बदलण्याचं वेळापत्रक असं बदललं होतं की तो वरच्या गिअरला चिकटून राहायचा. शेवटी लीव्हरवरच्या बटणाने हाताने तिसरा टाकून उतरलो. व्हेल पासवर तोच ट्यून चौथ्या-पाचव्यात चाळे करत राहिला. कंपनीचं नाव सांगत नाही, ट्यून लिहिणारा माणूस बहुधा सपाट मुलखातला असावा. कुठलाही टो ट्यून टाकलात की ट्रेलर न लावता आधी एखाद्या उतारावर नेऊन टो-हॉल तपासा. चढ नंतर.

मोॲबच्या कॅम्पग्राउंडवर दुसरा ट्यून टाकला. शोअर पॉवरच्या (कॅम्पच्या विजेच्या) खांबावरून चार्जर लावून बॅटरी बारा व्होल्टच्या खूप वर धरून ठेवली, एसीचा पंखा, दिवे, फोनचा चार्जर सगळं बंद. प्रोग्रामर सांगेल तशी चावी चालू-बंद करायची आणि मग हात मागे घ्यायचा. टक्के वाढत असताना डॅशवरचे सगळे दिवे ख्रिसमससारखे पेटतात, रेडिएटरचा पंखा अचानक घोंगावतो. घाबरून वायर ओढली की ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो आणि गाडी टो करून न्यावी लागते. मूळ प्रोग्राम आधी उतरवून घेतल्याची खात्री करा आणि त्याची प्रत घरच्या संगणकावरही ठेवा.

परतीची खरी कसोटी डिलन ते बोगदा, सुमारे आठ मैल सलग चढ. नवा ट्यून पहिल्याइतका उधळला नाही. एका गिअरमध्ये ठाण मांडून साठच्या आसपास चढला, गिअरबॉक्सचं तेल २२० फॅरनहाइटच्या खाली राहिलं, माथ्यावर पोचेपर्यंत मला काही करावं लागलं नाही. रॅम तर काही न बदलता आमच्या मागेच होती. ८०० पाउंड-फूट टॉर्कवाल्याला ट्यूनची गरज काय, असं मित्र म्हणतो, आणि ओढण्यापुरतं तरी ते खरं आहे. त्याच्या मॉनिटरचा खरा उपयोग एक्झॉस्टचं तापमान आणि डीपीएफचं (एक्झॉस्टमधली काजळी गाळणाऱ्या फिल्टरचं) रीजन, म्हणजे साचलेली काजळी जाळणं, पाहायला. रीजन चालू असताना कॅम्पग्राउंडवर पोचून इंजिन बंद करायचं नाही, चार मैल जास्त फिरवायची, एवढं कळलं तरी पैसे वसूल.

डिझेलवाल्यांना अजून कुणीतरी 'डिलीट' सुचवेलच: डीपीएफ, ईजीआर (एक्झॉस्टचा वायू परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) काढा आणि ट्यून टाका. ते क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, ईपीएच्या, २०२० च्या अहवालात दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण यंत्रणा काढल्याचा अंदाज आहे. एससीटी आणि बुलीडॉगची तेव्हाची मालक डिराइव्ह सिस्टिम्स हिला २०१८ मध्ये तीन लाख डॉलरचा दंडही झाला. पेट्रोलच्या ट्यूनमध्येही कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा, म्हणजे कार्बचा, ईओ (मंजुरीचा) नंबर असलेला घ्या.

वॉरंटीबद्दल दोन वाक्यं. मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे बिघाड ट्यूनमुळेच झाला हे दाखवणं कंपनीवर आहे, पण टर्बो किंवा गिअरबॉक्स गेला तर तसं दाखवणं त्यांना फार अवघड जात नाही. आणि मूळ प्रोग्राम परत टाकला तरी ईसीयूत फ्लॅशच्या खुणा राहू शकतात. ट्यूनने टोइंगची मर्यादाही वाढत नाही. दाराच्या चौकटीवरचं पेलोडचं स्टिकर तेच राहतं.

सप्टेंबर ते मे दरम्यान निघणार असाल तर आय-७० च्या डॉटसेरो ते मॉरिसन पट्ट्यात ट्रॅक्शन लॉ (टायरच्या पकडीचा नियम) लागू असतो, टायर आधी बघून घ्या. आणि डेन्व्हर परिसरात तुमच्या गाडीची एमिशन टेस्ट जवळ आली असेल तर फ्लॅश केल्या केल्या जाऊ नका. ईसीयूचे रेडिनेस मॉनिटर (स्वतःच्या तपासण्यांची नोंद) कोरे झालेले असतात, टेस्टवाले परत पाठवू शकतात. आठवडाभर थंड इंजिनाने सुरू करून शहर आणि हायवे दोन्हींवर चालवा, पडद्यावर सगळे मॉनिटर तयार दिसले की मगच रांगेत लागा.