खोगिराखालचे हाड

'विदर्स' या एका इंग्रजी शब्दापायी मला माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत जावे लागले. ओझ्याच्या आणि सवारीच्या घोड्यांची निगा कशी राखावी, यावरील एका इंग्रजी पुस्तिकेचे मराठी भाषांतर माझ्याकडे आले होते आणि खोगिराच्या जखमांच्या प्रकरणात हा शब्द ओळीओळीला येत होता. शब्दकोश चाळून मी त्याला 'खांदे' हा प्रतिशब्द योजला. 'वशिंड' मनात आले होते, पण ते बैलाचे; घोड्याला वशिंड नसते.

छपाईपूर्वी मसुदा घोडेवाल्यांना वाचून दाखवावा, असे ठरले होते. मोटारींची वाट जिथे संपते, त्या नाक्यावर सकाळी सात-आठ जण घोडे धरून उभे होते. 'खोगीर आणि खांदे यांच्यात दोन ते तीन बोटांचे अंतर असावे,' हे वाक्य मी वाचताच त्यांतील एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "ताई, खांद्याला एवढं अंतर ठेवलं तर खोगीर बसायचं कशावर?" मला उत्तर सुचले नाही. त्यांनी माझा हात धरून खोगिराच्या पुढच्या कमानीखाली सरकवला. मानेचे मूळ संपते तिथे, दोन फऱ्यांच्या, म्हणजे खांद्याच्या पसरट हाडांच्या, मधोमध, बोटांना एक कठीण उंचवटा लागला. पाठीच्या कण्याच्या मणक्यांची उंच टोके तिथे जवळजवळ कातडीला भिडलेली असतात, मांसाचे आवरण नावापुरतेच. हेच ते विदर्स. घोडा मान वरखाली करतो, पण ही जागा हलत नाही, म्हणून त्याची उंची येथेच मोजतात. ते मापही फसवे आहे: एक हँड म्हणजे ४ इंच, त्यामुळे १४.२ हँड म्हणजे १४ हँड आणि २ इंच, एकूण ५८ इंच. मी तो आकडा दशांश समजून चालले होते.

घोडा तांबडा होता, पण त्या उंचवट्यावर रुपयाएवढा पांढऱ्या केसांचा ठिपका होता. "इथं लागलं होतं याला," ते म्हणाले. खोगिराच्या दाबाने कातडी मरते आणि जखम भरली तरी पुढे केस पांढरेच उगवतात. जखम खोल गेली तर आत नासूर होतो आणि तो महिनोन् महिने वाहत राहतो.

त्या ठिपक्यावर बोट ठेवले तेव्हा प्रकरणाच्या माथ्यावर दिलेली शेक्सपिअरची ओळ मला प्रथमच कळली. राजाच्या पापासारखेच पाप रंगमंचावर चालू असताना हॅम्लेट राजाला सांगतो की, सोललेल्या पाठीचा घोडा दचकेल तर दचको, आमचे विदर्स काही पिळवटलेले नाहीत. मी त्याचे 'आमचे खांदे पिळलेले नाहीत' असे निर्जीव वाक्य करून ठेवले होते. मराठीत 'खाई त्याला खवखवे' ही म्हण त्या प्रसंगाला चपखल बसते; मात्र तिच्यात खवखवणारा घसा आहे, घोडा नाही, आणि जखमांवरच्या प्रकरणात घोडा गमावणे मला मान्य नव्हते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला माझे वडील जुवाने घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळत, तेव्हा बैल अंग चोरून घेत असे. ते अंग चोरणे आठवले आणि मी लिहिले: 'ज्याची पाठ सोलली असेल त्याने अंग चोरावे, आमची पाठ शाबूत आहे.' विदर्ससाठी मी एकच शब्द शोधण्याचा हट्ट सोडला आणि 'मानेमागचे उंच हाड' असे लिहून शेजारी चित्र घालायला सांगितले.

मग मी विचारले, एवढी काळजी घेऊनही जखम का झाली? त्यांनी खोगीर उतरवून उलटे केले आणि एका बाजूची उसवलेली शिवण दाखवली. आतली भरती दबून चपटी झाली की कमान खाली येते आणि थेट हाडावर टेकते. निरुपयोगी मजकुराला आपण तुच्छतेने 'खोगीरभरती' म्हणतो, मीही अनेकांच्या लेखनाला म्हटले आहे. इथे त्या भरतीवरच जनावराची पाठ अवलंबून होती. त्यांनी शिवणीतून मूठभर भरती काढून माझ्या तळहातावर ठेवली. घामाने आणि धुळीने तिचा लाकडासारखा टणक गोळा झाला होता. दुपारी ते नवी भरती भरायला बसले, तोवर घोडा उघड्या पाठीने सावलीत उभा होता.