चौफुलीवरचा ब्लॅकस्पॉट काढताना

दुपदरी राज्यमार्ग, दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये गावरस्त्याची चौफुली. इथे अपघात का होतात, याचं ‘लोक गाड्या पळवतात हो’ हे उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. आम्ही सुरुवात केली ती पोलीस ठाण्यातल्या कागदांपासून.

राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात किंवा १० मृत्यू झाले, तर तो ब्लॅकस्पॉट. तोच निकष आम्ही इथे लावला. अडचण अशी, की एफआयआरमध्ये जागा ‘अमुक फाट्याजवळ’ एवढीच असते. पंचनाम्यातला किलोमीटरचा दगड, मोरी, ढाबा यांवरून प्रत्येक अपघात नकाशावर बसवायचा आणि धडकेची दिशा बाणाने दाखवायची. बाण एकत्र आले की दुखणं कळतं. चौफुलीवर आडव्या धडका होत्या. चौफुलीच्या अलीकडच्या टप्प्यात मागून बसलेल्या धडका, त्याही रात्रीच्या, उसाच्या ट्रॉल्यांना.

पाहणी उन्हाळ्यात, भरदुपारी केली तर रस्ता निर्दोष वाटतो. ती दिवाळीच्या सुमारास करावी: ऊस उभा असतो, कारखाने सुरू होत असतात. ताशी ८० किलोमीटरने येणाऱ्याला थांबायला १२० मीटर लागतात, त्यातले ५५ ब्रेकवर पाय पडेपर्यंतच संपतात. गावरस्त्यावर डोळे १.२ मीटर उंचीवर ठेवून बघितलं, तर उसाआडून तेवढा रस्ता दिसतच नव्हता. सरकारी हद्दीतली बाभळी आणि फ्लेक्स लगेच काढता येतात. शेतकऱ्याच्या पिकाला मात्र हात लावता येत नाही.

मुख्य रस्त्यावर गतिरोधक हवा, ही मागणी हटकून येते. आम्ही ती मान्य केली नाही. ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच गतिरोधक ताशी २५ च्या वेगासाठी असतो. भरधाव रस्त्यावर रात्री तो दिसला नाही तर दुचाकीस्वार उडतो, आणि दिसला तर मागचा ट्रक पुढच्यावर आदळतो. म्हणून गतिरोधक गावरस्त्यावर आणि मुख्य रस्त्यावर थर्मोप्लास्टिकच्या, म्हणजे तापवून लावायच्या जाड रंगाच्या, आडव्या पट्ट्या. जाडी २.५ मिलिमीटर, वर प्रति चौरस मीटर २५० ग्रॅम काचमणी, म्हणजे दिव्यांचा उजेड परत फेकणारे बारीक मणी. ठेकेदाराची काटकसर नेमकी या मण्यांत होते. दिवसा पट्टा पांढराशुभ्र, रात्री गायब! त्यामुळे बिल काढण्याआधी अंधारात गाडीच्या दिव्यांत पट्टे तपासावेत. धुळीवर मारलेला पट्टा पहिल्या पावसात पापुद्र्यासारखा निघतो, ते वेगळंच.

खरा इलाज म्हणजे गावरस्त्याचं एक तोंड बाजूला सरकवून चौफुलीचे दोन तिठे करणं. चौफुलीवर वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना भिडतात, दोन तिठ्यांवर मिळून १८. पण तिठा कुठल्या बाजूला सरकवायचा, यावर सगळं अवलंबून आहे. रस्ता ओलांडणाऱ्याने आधी उजवीकडे वळून मुख्य रस्त्यावर यावं आणि पुढे डावीकडे उतरावं. उलट केलंत तर तो उजव्या वळणासाठी हमरस्त्याच्या मधोमध ताटकळतो. भूसंपादनाला वेळ जातो, म्हणून प्रस्ताव पट्ट्यांच्या कामासोबतच पाठवावा.

डांबराच्या कडेच्या मुरमाच्या साइडपट्टीकडे कुणी बघत नाही. मुरूम खचून डांबराची कड १० सेंटिमीटर उघडी पडली, की चाक खाली उतरतं. चालक स्टिअरिंग ओढतो, चाक झटक्यात वर चढतं आणि गाडी समोरच्या लेनमध्ये घुसते. कागदावर मात्र ‘ताबा सुटला’ एवढंच येतं. डांबरीकरणातच कड साधारण ३० अंशांच्या उताराने दाबून घेतली, तर चाक अलगद परत चढतं.

भरावावर क्रॅश बॅरियर, म्हणजे गाडी अडवणारा पत्र्याचा कठडा, बसवताना खांब दर २ मीटरला, लांबी १.८ मीटर, त्यातली १.१ जमिनीत. पत्र्यांचा जोड वाहतुकीच्या दिशेने चढवलेला हवा. उलटा असेल तर उघडं टोक गाडीत घुसतं. पत्र्याची वरची कड रस्त्यापासून ७० सेंटिमीटरवर. पुढे डांबराचे ५० मिलिमीटरचे दोन थर चढले की ती ६० वर येते आणि साइडपट्टी पुन्हा तेवढीच खाली जाते. म्हणून नव्या डांबरीकरणाच्या अंदाजपत्रकात बॅरियर उचलणं आणि मुरूम भरणं, या दोन्ही बाबी आधीच धराव्यात. नंतर त्यासाठी वेगळा निधी मिळत नाही.