तुम्ही विचारलंत म्हणून: मागून घेतलेली चाळीस मिनिटं

"तुमचा उत्साह टिकतो कसा हो?" हा प्रश्न मला पतसंस्थेच्या काउंटरवर विचारतात, सोसायटीच्या जिन्यात विचारतात, धाकट्याच्या शाळेबाहेर रिक्षावाल्या काकांची वाट बघतानाही विचारतात. मागच्या आठवड्यात आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलीने डबा खाताना विचारला. तिचं बाळ दीड वर्षाचं आहे. "ताई, मी तीनदा धावायला सुरुवात केली आणि तीनदा सुटलं. माझ्यातच काही कमी आहे का?" एवढं बोलून ती डब्याकडे बघत बसली. लंच टाइम संपत आला होता, मागे लोक पासबुकं घेऊन उभे होते. तेव्हा मला धड काही बोलता आलं नाही, म्हणून आता सविस्तर सांगते.

माझं वय त्रेचाळीस. सात वर्षांपासून धावते. आठवड्यातून चार दिवस, साधारण चाळीस मिनिटं, जमलं तर रविवारी थोडं जास्त. दोनदा हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटर, पूर्ण केली आहे. घरी नवरा, सासूबाई, दहावीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. नवरा नाशिकमधल्या अंबडच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. आमच्या घराचं घड्याळ दर आठवड्याला बदलतं ते त्यामुळेच.

उत्साह माझाही टिकत नाही, हे आधी सांगून टाकते. पहिल्या दोन वर्षांत मीही चारदा सोडलं. प्रत्येक वेळी वाटायचं की आपल्यात जिद्द नाही. खरं कारण वेगळं होतं आणि ते कळायला मला फार वेळ लागला. मी धावण्यासाठी वेळ चोरत होते.

मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून उशीखाली सरकवायचा. पावणेपाचला उठायचं. कडी वाजू नये म्हणून दाराला खांदा लावून ती हळूच सरकवायची, बूट हातात घ्यायचे आणि जिन्यात बसून घालायचे. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्या मारायच्या, पण लक्ष सगळं घड्याळाकडे. सगळे उठायच्या आत घरात, आणि कुणी विचारायच्या आत कुकर गॅसवर. कुणी मला अडवलं नव्हतं. तरीही मी लपूनछपून जात होते, कारण घरातली चाळीस मिनिटं फक्त माझी असू शकतात हे मलाच पटलं नव्हतं.

मग एका पहाटे धाकट्याला ताप भरला. तेव्हा तो चार वर्षांचा होता. नवरा नाइटला. धाकट्याने मला हाका मारल्या, मी नाही. सासूबाई उठल्या, त्यांनाही मी कुठे आहे ते माहीत नाही, आणि फोन उशीखालीच राहिलेला. मी सहाला परतले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि आई, म्हणजे सासूबाई, त्याला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. "सांगून जायचं ना गं," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर पाच महिने मी बूट पायात घातले नाहीत.

पाच महिन्यांनी मी पुन्हा सुरू केलं ते जेवणाच्या ताटावरून. रविवारची रात्र होती, सगळे एकत्र बसले होते. मी म्हटलं, मला आठवड्यातून चार दिवस चाळीस मिनिटं हवी आहेत, धावायला. कुठले दिवस ते सगळ्यांनी मिळून ठरवू. त्या वेळात घरातलं कोण काय बघेल तेही आत्ताच ठरवू. बोलताना माझा हात वरणाच्या वाटीतच थांबला होता. नवऱ्याने विचारलं, "एवढं लागतं का त्याला? चालायला गेलीस तर?" मी म्हटलं, चालणंही चांगलंच, पण मला धावायचंय. थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

बोलल्या त्या सासूबाई. त्यांचं माहेर हरसूलच्या बाजूचं. तिथलंच सावरपाडा, धावपटू कविता राऊतचं गाव. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिला दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळालं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. तेव्हा तिकडच्या पाड्यापाड्यांत काय आनंद झाला होता, हे आम्ही आईंकडून कितीदा तरी ऐकलंय. 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे तिचं टोपणनाव त्या आजही असं उच्चारतात की जणू घरातलीच पोर. त्या रात्री त्या म्हणाल्या, "आमच्याकडची पोर ऑलिंपिकपर्यंत गेली. हिला ट्रॅकपर्यंत जायचंय, तर जाऊ दे की. पोळ्या मी टाकीन. कणीक मात्र रात्री मळून ठेवत जा, माझे मनगट दुखतात."

त्या दिवसापासून माझं धावणं सुटलेलं नाही. थांबलं, कमी झालं, पण सुटलं नाही.

मागितलं की द्यावंही लागतं, आणि हा भाग कुणी सांगत नाही. आईंनी गुरुवारची संध्याकाळ मागितली, त्यांच्या भजनासाठी. गुरुवारी मी थेट घरी येते, बूट बाहेर काढत नाही. नवऱ्याने रविवारची दुपार मागितली, झोपेसाठी, आणि त्या वेळात मुलांना घेऊन बाहेर जायचं काम माझं. मुलीने अजून काही मागितलेलं नाही. दहावी झाली की मागेल, आणि ते मी देणार आहे.

आता वेळापत्रक. लोकांना वाटतं मी रोज पहाटे उठते. तसं नाही, माझं वेळापत्रक नवऱ्याच्या शिफ्टवर चालतं. तो सेकंडला असला की सकाळी घरी असतो, मग मी पावणेसहाला निघते आणि धाकट्याचं आवरायचं काम त्याच्याकडे. तो फर्स्टला असला की सकाळी डब्यांची धांदल सगळी माझ्याकडे, त्यामुळे त्या आठवड्यात मी संध्याकाळी धावते. बूट आणि टी-शर्ट स्कूटीच्या डिकीत टाकलेले असतात. पतसंस्थेतून सुटले की थेट गोल्फ क्लबचा ट्रॅक. आधी घरी जायचं नाही, हा नियम मी फार जपते. एकदा घरात पाऊल टाकलं की कुणाची वही संपलेली असते, कुणाला भूक लागलेली असते, आणि त्यांना तसंच सोडून बाहेर पडणं मला जमत नाही. नाइटचा आठवडा सगळ्यात कठीण. त्या आठवड्यात मी दोनच दिवस जाते, तेही पंचवीस मिनिटं. तेवढ्यावर भागवायचं हे आधीच ठरलेलं असल्यामुळे मनाला टोचणी लागत नाही.

आणि एरवीच्या आठवड्यांतली चार दिवसांची चाळीस-चाळीस मिनिटं पुरतातही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेलं प्रमाण आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ मिनिटं जोराचा व्यायाम एवढं आहे. धावणं जोराच्या व्यायामात धरतात. पूर्वी म्हणत की सलग दहा मिनिटांपेक्षा कमी असेल तर ते मोजू नये. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ही अट काढून टाकली. हे वाचलं तेव्हा मला फार हायसं वाटलं. पाच मिनिटं हाताशी असतील तर पाच मिनिटं. एक आठवडा पूर्ण बुडाला तरी दमात फारसा फरक पडत नाही, दोन-तीन आठवडे गेले की तो जाणवायला लागतो. मुलांच्या परीक्षा, लग्नसराई, गणपती असलं काही आलं की मी आठवडाभराची सुट्टी बिनधास्त घेते. दुसऱ्या आठवड्यात मात्र काहीही झालं तरी एकदा तरी ट्रॅकवर जाऊन येते, मग तिथे नुसती चालले तरी चालेल.

एक गोष्ट मला विशेष सांगायची आहे, बायकांना जास्तच. तीन वर्षांपूर्वी माझं मन धावण्यावरून पार उडालं. वेळ होता, घरच्यांची साथ होती, तरी पाय उचलेना. जिना चढताना धाप लागायची, दुपारी काउंटरवर डोळे मिटायचे. दोन महिने मी स्वतःला आळशी म्हणत राहिले. शेवटी आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ९.१ निघालं. बाईचं बारा तरी हवं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, गोळीच्या आणि जेवणाच्या आसपास चहा बंद झाला, कारण चहामुळे लोह अंगात नीट शोषलं जात नाही. तीन महिन्यांनी एका सकाळी पाय आपोआप हलके पडत असल्याचं जाणवलं आणि मी ट्रॅकच्या कडेला बसून रडले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे निम्म्याहून जास्त. म्हणून कुणी मला "उत्साहच वाटत नाही" म्हणालं की मी आधी विचारते, रक्त तपासलंय का? थायरॉइड बघितलंय का? झोप किती होते? स्वतःला दोष द्यायच्या आधी एवढं कराच.

दुखापतीचंही थोडं सांगते. दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा मला भरपाई करायची घाई झाली होती. तीन आठवड्यांत दोन किलोमीटरवरून आठवर गेले आणि दोन्ही नडग्या अशा दुखायला लागल्या की स्कूटीला किक मारता येईना. दम लवकर वाढतो, हाडं आणि स्नायूबंध मात्र हळू तयार होतात. छाती म्हणते चल, नडगी म्हणते थांब, आणि नडगीचंच ऐकायचं असतं. आता माझा वेग एकाच गोष्टीवर ठरतो. धावताना शेजारच्या बाईशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की मी वेग कमी करते. घड्याळ, ॲप, कॅलरी यांचं मला काही वावडं नाही, पण मला त्यांची गरज पडली नाही. बूट मात्र चांगले घ्या आणि पाच-सातशे किलोमीटर झाले की बदला. तिथे काटकसर केली तर गुडघे वसूल करतात.

नाशिकची हवा ही आपल्याला मिळालेली खरी श्रीमंती आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा आठ-नऊवर येतो, निफाडकडे त्याहूनही खाली. त्या थंडीत पहिली पाच मिनिटं नाक आणि कान बधिर होतात आणि मग आतून ऊब येते, ती मला चहापेक्षा प्रिय आहे. उन्हाळ्यात सातच्या आत आटपायचं. आणि पावसाळ्यात आमचा घरचा एक ठरलेला कार्यक्रम असतो, त्याच्यामुळे धाकटाही धावायला लागला.

जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशकात सगळे एकच विचारतात, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गोदाघाटावरचा तो उंच मारुती म्हणजे आमचं पूर मोजायचं माप. घोटे, गुडघे, कंबर, छाती. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी धाकटा म्हणाला, "आई, तू धावायला जाणारच आहेस तर मला मारुती बघायला ने ना." मी गाडी बरीच अलीकडे लावली आणि आम्ही दोघं रिमझिम पावसात धावत निघालो. त्याच्या चपला फटफट वाजत होत्या, मध्येच एक निसटली, ती हातात घेऊन तो पुढे धावला. पाणी कमरेपर्यंत होतं. लाल गढूळ, घोंघावणारं. गर्दीच्या मागे, सुरक्षित अंतरावर उभं राहून आम्ही बराच वेळ बघत होतो. परत येताना त्याने मला विचारलं, "तू रोज एवढी मजा करतेस?" तो पाऊस, त्याच्या हातातली ती चप्पल आणि हा प्रश्न, हे सगळं माझ्या मनात तसंच्या तसं आहे. त्या वाढदिवसाला त्याने बूट मागितले.

आता आमच्याकडे फ्रिजवर एक कागद असतो. मुलीच्या अक्षरात महिन्याच्या शिफ्ट लिहिलेल्या, आणि माझे दिवस हिरव्या पेनने. मी एखादा दिवस टाळला तर आईच विचारतात, "आज हिरवं होतं ना गं?"

तर त्या माझ्या सहकारी मुलीला मी एवढंच म्हणेन, तुझ्यात काही कमी नाही. दीड वर्षाचं बाळ असताना पहाटे एकटीने गुपचूप उठून, दिवसभर नोकरी करून, कुणालाही न सांगता कुणाचंच धावणं टिकत नाही. माझंही टिकलं नव्हतं. घरात मोठ्याने माग. चार दिवस नाही मिळाले तर दोन माग. परवा तिने सांगितलं की नवरा शनिवारच्या सकाळला तयार झालाय, पण त्याला अधूनमधून शनिवारी ड्यूटी लागते. म्हणून आमचं असं ठरलंय: शनिवारी साडेसहाला गोल्फ क्लबच्या गेटवर भेटायचं, आणि त्याला ड्यूटी असेल तेव्हा बाळाला सोबत आणायचं. ती दोन फेऱ्या मारेल तेव्हा बाळ माझ्याकडे, मी धावेन तेव्हा तिच्याकडे. आईंनी बाळासाठी नाचणीचं सत्त्व करून ठेवलंय, ते डब्यात घालून न्यायचंय.