तुम्ही विचारलंत म्हणून: नवतप्यात लिथियमची तपासणी कशाला?

"डोस तोच आहे, माणूस छान आहे, मग मेअखेरच्या नवतप्यात, कडक उन्हाच्या त्या नऊ दिवसांत, पुन्हा लिथियमसाठी रक्त कशाला काढायचं?" बायपोलर म्हणजे कधी उन्माद, कधी नैराश्य असा मनाचा आजार, आणि लिथियम हे त्यावरचं औषध. या रुग्णांच्या घरचे हे हमखास विचारतात.

याचं उत्तर १९४९ सालात सापडतं. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियमचा गुण आल्याचं तेव्हा प्रसिद्ध केलं. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४चं. पण तिथंच काय, जगात कुठंही तोवर अशा रुग्णाला गुंगी आणण्यापलीकडे फारसं औषध नव्हतं. त्याच वर्षी अमेरिकेत मात्र मीठ बंद केलेले काही रुग्ण मिठाऐवजी लिथियमचा क्षार खाऊन दगावले. औषध बदनाम झालं, तिथं मान्यता मिळायला १९७० उजाडलं. घात केला तो अळणी जेवणानं. मिठातलं सोडियम कमी पडलं की मूत्रपिंड ते धरून ठेवतं आणि त्याच्यासोबत लिथियमही अडकतं.

नागपुरात पारा ४५च्या वर गेला की घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातं. त्यात लिथियमनं अनेकांना लघवीही जास्त होते. त्यामुळे एकही गोळी न वाढवता रक्तातली पातळी चढू शकते. पाणी दिवसभर पीत राहा. मीठ एकदम तोडू नका, एकदम वाढवूही नका. वाढवलं तर पातळी उतरते आणि आजार उलटू शकतो.

रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. रात्री नऊला घेतली असेल तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी त्यानंतर. लॅबमध्ये लिथियम हेपॅरिनची हिरव्या टोपणाची नळी वापरू देऊ नका, आकडा खोटाच वाढतो. पातळी साधारण ०.६ ते १.० (मिलिमोल प्रति लिटर) ठीक, १.५च्या पुढे धोका, म्हाताऱ्या माणसांत त्याआधीही.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांची. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक पातळी वाढवतात. अंगदुखीला पॅरासिटामॉल बरं. बीपीच्या काही गोळ्यांत दोन औषधं एकत्र असतात; त्यांतल्या काहींत टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं, दोन्ही लिथियम वाढवणारे. बीपीच्या डॉक्टरांना लिथियमचं सांगितलंच पाहिजे.

उलट्या-जुलाब, हातांची जोरात थरथर, अडखळतं बोलणं, जाणारा तोल: यातलं काही दिसलं तर पुढची गोळी थांबवा आणि लगेच नागपुरातलं मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) किंवा मेयो रुग्णालय गाठा. दारातच "लिथियम चालू आहे" म्हणा. भर उन्हाळ्यात ही लक्षणं ऊन लागल्यासारखीच दिसतात आणि पातळी तपासायची राहून जाते.