काकाजींचा अंगठा

अमरावतीत परवान्याच्या शस्त्रांच्या दुकानात मी विक्री आणि दुरुस्ती दोन्ही पाहतो. वयस्क गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "झटका कमी कशाचा?" वरुडकडचे एक काकाजी तेच विचारत आले. संत्र्याच्या बागेत घर, मुलगा पुण्याला. घरची बारा बोरची बंदूक खांद्याला सोसेना, म्हणून परवान्यावर रिव्हॉल्व्हरची नोंद करून आणलेली.

"भाऊ, माह्या हाताले झेपन असं दाखव."

मी आधी हातच पाहिले. संधिवाताने पेरं सुजलेली, अंगठ्याच्या बुडाशी सांधा बाहेर आलेला. परवान्यासाठी शारीरिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं. काकाजींकडे ते होतं. देणाऱ्या डॉक्टरांनी ही बोटं एकदा दाबून पाहिली असती तर बरं झालं असतं.

माझ्या सहकाऱ्याने तेवढ्यात 'निर्भीक' काढून समोर ठेवली. कानपूरच्या सरकारी कारखान्याची ही .३२ बोरची रिव्हॉल्व्हर २०१४ साली आली. टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन जेमतेम ५०० ग्रॅम. "एकदम हलकी आहे, काकाजी!" हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. हलकं शस्त्र खिशाला बरं. काडतूस तेच राहिलं आणि शस्त्र हलकं झालं, तर ते मागे जास्त जोरात येतं. दुखऱ्या सांध्याला वजनदार पोलादी रिव्हॉल्व्हर आणि तळहात भरणारी जाड रबरी मूठच बरी.

तरी .३२ चा धक्का मुळात सौम्यच. अडतं ते दुसरीकडे. .३२ च्या छोट्या पिस्तुलात गोळी सुटताना स्लाइडला, म्हणजे मागे ओढायच्या वरच्या भागाला, आवरून धरायला बहुधा तिचं वजन आणि स्प्रिंग एवढंच असतं, म्हणून ती स्प्रिंग कडक ठेवावी लागते. काकाजींना स्लाइड अर्धीसुद्धा ओढता आली नाही. परदेशात अशाच हातांचा विचार करून सोप्या स्लाइडची पिस्तुलं निघतात. स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये .३८० बोरची शील्ड ईझी काढली ती त्यातलीच. आपल्या साध्या परवानाधारकाला तिचा काही उपयोग नाही.

राहिली रिव्हॉल्व्हर. हॅमर, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा घोडा, अंगठ्याने मागे न चढवता नुसता चाप ओढायचा तर पाच किलोच्या आसपास जोर लागतो. "स्प्रिंग हलकी करून द्या," असा हट्ट पुष्कळजण धरतात. मी करत नाही. हॅमर मंद बसला की काडतूस पेटत नाही, आणि ते नेमकं गरजेच्या वेळीच कळतं. हॅमर आधी चढवला तर चाप निम्म्याहून कमी जोरावर सुटतो. दुपारी दुकानात काकाजींना ते छान जमलं. सहकारी पावती काढायला निघाला.

मी म्हटलं, काकाजी, आज नका घेऊ. थंडीत पहिल्या एसटीने या. संधिवाताची बोटं सकाळी आखडलेली असतात. रात्री तीनला झोपेतून उठल्यावर ती दुपारसारखी कशी चालतील? आमच्या दुकानात विकत घेण्याआधी एक गोळी झाडून पाहायची सोय नाही. निदान हात तरी खऱ्या वेळेला पाहावा.

ते आले. मफलर, हात कोटाच्या खिशात. मी सिलिंडर रिकामं दाखवलं, डमी काडतुसं भरली. दोन्ही हातांनी धरून डाव्या अंगठ्याने त्यांनी हॅमर चढवला. मग मी सांगितलं, आता गोळी न झाडता उतरवा. याची परीक्षा कोणीच घेत नाही. बाहेर चाहूल लागली, हॅमर चढवला, पाहतो तर गाय. आता एका बोटाने चाप दाबायचा आणि त्याच वेळी अंगठ्याने हॅमर धरून सावकाश खाली आणायचा. काकाजींचा अंगठा सुटला. टक्. नळी माझ्या कपाटाकडे होती. दुसऱ्यांदा तेच. भरलेलं शस्त्र असतं तर दोन्ही वेळा बार उडाला असता.

"मंग रातच्याले म्या काय कराव?"

मी फाटकावर दिवा, खिडक्यांना जाळी, ११२ नंबर, रात्री सोबतीला सालदार असं सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन उठले. मालकांनी मला सुनावलं की आपण दुकान मांडलंय, दवाखाना नाही. मला ते पटलेलं नाही.

महिनाभराने फोन आला. दुसऱ्या शहरातून त्यांनी हलकी रिव्हॉल्व्हर घेतली होती. भरून ठेवली, आता नळी उघडायची कळ अंगठ्याने दबेना. "हे उघडूनच नाही राह्यलं, बाप्पा." या रिव्हॉल्व्हरी बिजागरीवर मधून दुमडून उघडतात, उघडल्या की काडतुसं आपोआप वर येतात, आखडलेल्या हाताला तेवढी एक सोय. पण कळच दाबता येत नसेल तर सगळं फुकट. मी म्हटलं, हात लावू नका, कपाटाला कुलूप घाला.

सुट्टीच्या दिवशी वरुडला जाऊन त्यांच्यासमोर ती मोकळी करून दिली. सहाही काडतुसं होती. मुलालाही फोनवर सगळं सांगितलं. त्याचं म्हणणं, बाबांना त्याने धीर येतो, राहू द्या. काकाजी म्हणाले, सध्या रिकामीच ठेवतो. परत द्यायची तर आमच्या दुकानात जमा करून घेता येईल, कागद मी करीन, एवढं सांगून आलो. अजून त्यांचा निरोप नाही. संक्रांतीला मुलगा येणार आहे, तेव्हा दोघांना एकत्र बसवून पुन्हा बोलणार आहे.