आत्याची सही चालत नाही: कोस्टा रिकातल्या घोडेस्वारीचा माझा अनुभव

परदेशात एखाद्या सहलीला तुमच्याबरोबर अठरा वर्षांच्या आतलं मूल असणार असेल आणि ते तुमच्या पोटचं नसेल, तर हे निघायच्या आधी वाचा. आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन तास वाचले असते आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं नसतं. परत येऊन बरेच दिवस झाले, तरी त्या सकाळचा राग गेलेला नाही.

मी आणि माझी भाची, म्हणजे माझ्या मोठ्या भावाची मुलगी, अशा दोघीच कोस्टा रिकाला गेलो होतो. दोघींकडे अमेरिकेचा व्हिसा होता, त्यावर प्रवेश मिळाला. राजधानी सान होसेहून ला फोर्तुनाला रस्त्याने साडेतीन तास लागले. त्या सगळ्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. ला फोर्तुना हे आरेनाल ज्वालामुखीच्या पायथ्याचं गाव. २९ जुलै १९६८ रोजी आरेनाल फुटला तेव्हा ताबाकोन, पुएब्लो नुएवो आणि सान लुईस या पश्चिमेकडच्या वस्त्या गाडल्या गेल्या, पूर्वेकडचं ला फोर्तुना वाचलं. २०१० पर्यंत तो डोंगर जागाच होता. आता शांत आहे, आणि बहुतेक वेळ ढगात असतो.

भाचीला घोड्यांचं वेड लहानपणापासूनचं. वर्षभर ती रीतसर शिकतेही आहे. त्यामुळे घोड्यावरून रानातून धबधब्यापर्यंत जायचं, खाली उतरून पाण्यात डुंबायचं आणि घोड्यावरूनच परत यायचं, बरोबर वाटाड्या, असं त्या सहलीचं वर्णन वाचल्यापासून तिने दुसरं काही सुचवलंच नव्हतं. तीन आठवडे आधी मी इंटरनेटवरून जागा घेतल्या आणि पैसे पूर्ण भरले. तिथे प्रत्येकाचं वय विचारलं होतं. मी चौदा लिहिलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी तक्रार या चौदाच्या आकड्याशी आहे.

सहलीच्या आदल्या संध्याकाळी फोनवर चार पानी फॉर्म आला. घोडेस्वारीत पडणं, लागणं हे धोके मला माहीत आहेत, स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे, असं लिहून द्यायचा. पाठीचं दुखणं, गरोदरपण, शस्त्रक्रिया यांचे प्रश्न होते. वजन पौंडांत मागितलं होतं. तिथे किलो लिहू नका. माझे ६८ किलो म्हणजे १५० पौंड. वजनाचा प्रश्न चुकवू नका आणि आकडा कमीही करू नका. घोड्याने खोगिरासकट आपल्या वजनाच्या साधारण वीस टक्क्यांपर्यंतच भार वाहावा असं जाणकार मानतात. साडेतीनशे किलोचा घोडा असेल तर तो भार सत्तर किलो होतो, आणि त्यात खोगीरही आलं. तबेल्यात वजनकाटा ठेवलेला पाहून मला फार बरं वाटलं. ज्यांच्याकडे वजन विचारतच नाहीत, त्यांच्याकडे मी जाणार नाही.

तर फॉर्म भरला, माझ्या नावाने सही केली, भाचीच्या फॉर्मवरही मीच सही केली आणि पाठवून दिला. ‘मिळाला’ असं उत्तर आलं. आम्ही निर्धास्त झोपलो.

सकाळी सातला तबेल्यावर पोहोचलो. साडेसातला निघायचं होतं. पत्र्याच्या छपराखाली टेबल, टेबलामागे एक बाई, शेजारी हेल्मेटांची रांग. भाचीने हेल्मेट निवडलं, बक्कल लावून पाहिलं, घोडे बांधले होते तिकडे जाऊन आली. एक अबलख घोडा तिने मनातल्या मनात आपला करूनही टाकला. तेवढ्यात बाईंनी तिचा फॉर्म उलटा करून माझ्यासमोर ठेवला आणि सहीवर पेन टेकवलं.

“माद्रे?” आई का?

मी म्हटलं, आत्या. स्पॅनिशमध्ये तीआ. त्यांनी मान हलवली. अठराच्या आतल्या मुलासाठी आईची, वडिलांची किंवा कायदेशीर पालकाची सही लागते. तीआ चालत नाही. मी समजावलं की मी तिच्या वडिलांची सख्खी बहीण आहे. त्यांनी आमचे दोघींचे पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि आडनावांवर बोट ठेवलं. तिचं वेगळं, माझं वेगळं. तिकडे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, परंपरेने आधी वडिलांचं आणि मग आईचं, आणि लग्नानंतर बाई आपलं आडनाव बदलत नाही. सख्खी आत्या असेल तर तिचं पहिलं आडनाव भाचीच्या पहिल्या आडनावाशी जुळायलाच हवं. माझं लग्नानंतर बदललेलं. कागदावरून पाहिलं तर मी तिची कुणीच नव्हते.

नियम मला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्याचं मूल घोड्यावर बसवताना आईबापांना विचारायलाच हवं. उद्या मी आई असते तर मीही हाच आग्रह धरला असता. पण वय तीन आठवडे त्यांच्याकडे लिहिलेलं होतं. फॉर्म आदल्या संध्याकाळी त्यांना मिळाला होता. त्याच वेळी एक ओळ पाठवायला काय हरकत होती? हे मी बोलूनही दाखवलं, आणि आवाज चढवून बोलले. त्याचा उपयोग शून्य झाला. बाई आणखी गप्प झाल्या आणि भाची घाबरली. तसं करू नका.

मग फोन. कोस्टा रिका आपल्या साडेअकरा तास मागे आहे, म्हणजे घरी संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले होते. दादा रोज त्या वेळी मुंबईहून पुण्याच्या गाडीत असतो. तीनदा लावला, तिन्ही वेळा लागला नाही. गाडी कर्जत सोडून घाटाला लागली की बोगद्यांत रेंज कुठून येणार! मग वहिनीला लावला. तिने उचलला, आणि माझ्या आवाजावरून तिला आधी वाटलं की पोरगी पडली.

“अगं, काही झालेलं नाही,” मी म्हटलं, “फक्त तुझी सही हवी.”

तिने दोन मिनिटांत कोऱ्या कागदावर ‘माझी परवानगी आहे’ असं इंग्रजीत लिहून, सही करून फोटो पाठवला. बाईंनी पाहिला आणि परत केला. फॉर्मवरच सही पाहिजे. मी फॉर्म वहिनीला पाठवला. घरात प्रिंटर नाही. ती स्कूटर काढून झेरॉक्सच्या दुकानात गेली. तिथे गर्दी.

इकडे साडेसात झाले. आमचा गट निघाला. आठ घोडे एकामागून एक फाटकाबाहेर पडले, मागे दोन राहिले, त्यातला एक अबलख. भाची बाकावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याचं बक्कल लावत होती, काढत होती. लावत होती, काढत होती. मी तिला म्हटलं, अगं जाऊ आपण. तिने वर पाहिलं नाही. “आत्या, नाही जमलं तरी चालेल,” एवढंच म्हणाली, आणि मग हाताच्या पाठीने डोळे पुसले. मला ते अजून आठवतं.

पावणेआठला सही केलेलं शेवटचं पान आलं. बाईंनी ते छापून घेतलं, मग पेनाने दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावरच्या छोट्या रेघा दाखवल्या. धोक्याच्या प्रत्येक कलमापुढे आद्याक्षरं टाकायची होती. माझ्या फॉर्मवर मी टाकली होती, पण वहिनीला सांगायचं राहून गेलं. चूक माझी होती. वहिनी तोवर दुकानातून बाहेर पडली होती, परत आत गेली. चारही पानं आली तेव्हा सव्वाआठ झाले होते.

आता बाईंनी विचारलं, सही करणारी ही आईच आहे कशावरून? ओळखपत्र दाखवा.

वहिनीचा पासपोर्ट घरी कपाटात, ती झेरॉक्सच्या दुकानात, पर्समध्ये फक्त आधार कार्ड. तिने दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. (आम्ही घाईत होतो म्हणून तसं केलं. तुम्ही सवडीने करणार असाल तर मास्क्ड आधार पाठवा, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात.) आधारवर नाव इंग्रजीतही असल्यामुळे बाईंना ते वाचता आलं, पण हे नाव या मुलीच्या आईचं, हे कुठे लिहिलंय? त्यांचं म्हणणं बरोबर होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी भाचीचा पासपोर्ट हातात घेऊन नुसती उभी होते.

उत्तर भाचीनेच दिलं. ती उठून आली, माझ्या हातातून पासपोर्ट घेतला आणि शेवटचं पान उघडलं. तिच्या पासपोर्टवर त्या पानावर वडिलांचं आणि आईचं नाव छापलेलं आहे. एवढ्या वर्षांत त्या पानाकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. बाईंनी फोन पासपोर्टशेजारी धरला, पेनाचं टोक एकेका अक्षरावरून नेत नाव जुळवलं, पान उलटवून फोटोचं पान पाहिलं, पुन्हा शेवटचं पाहिलं. मग शिक्का मारला. आठ वाजून पन्नास मिनिटं झाली होती. त्या पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, नऊच्या गटात जा, तुमचे घोडे ठेवलेत. गट निघून गेल्यावरही त्यांनी ते दोन घोडे दुसऱ्या कुणाला दिले नव्हते. याबद्दल मात्र मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

म्हणून सांगते. जागा घेतानाच त्यांना लिहून विचारा की फॉर्म कोणता, अल्पवयीन मुलासाठी सही कुणाची आणि सोबत काय जोडायचं. आईवडील दोघांच्या सह्या घरूनच, प्रत्येक पानावर, घेऊन निघा. त्यांच्या पासपोर्टची प्रत जवळ ठेवा. मुलाच्या पासपोर्टवर आईवडिलांची नावं नसतील तर इंग्रजीतला जन्मदाखला ठेवा. आणि हे सगळं फोनमध्येही असू द्या, कारण तबेल्यावर नेट मिळेलच असं नाही. आम्हाला मिळालं.

घोड्यावर बसल्यावर माझे खांदे पहिल्यांदा खाली आले. वाटाड्याने रिकिबी मापून दिल्या. त्या आखूड राहिल्या तर अर्ध्या तासात गुडघे धरतात, तेव्हा लाजू नका, पुन्हा सांगा. चढावर अंग पुढे, उतारावर मागे, टाचा खाली, लगाम सैल. वाट चिखलाची, दोन्ही बाजूंनी माणसाच्या डोक्याहून उंच पानं. एका ओढ्यात घोडे आपणहून थांबले आणि पाणी प्यायले. माझा घोडा पाणी ओढायचा तेव्हा त्याच्या गळ्यातून जाणारा घोट मला खोगिरावर, मांडीखाली कळत होता. पुढे भाची ताठ बसली होती, एकाच हातात लगाम. सपाटीवर वाटाड्याने तिला दुडकी चाल धरू दिली. तिची मांड हलली नाही. मला फार अभिमान वाटला.

पाऊस येऊन जाऊन होता. त्या भागात कोरड्या महिन्यांतही तो पडतो, तेव्हा लांब पँट आणि ओली झाली तरी चालतील अशी बंद चपला-बुटं घाला. पँट आखूड असेल तर खोगिराच्या पट्ट्याने पोटरी सोलते.

धबधब्याच्या फाटकाशी घोडे बांधतात. पुढे पाचशेहून जास्त पायऱ्या उतरायच्या. तिकिटाचे पैसे सहलीत धरलेत का, हेही आधीच विचारा. ते फाटक गावातली विकास संघटना चालवते. धबधबा सुमारे ७० मीटर उंच, सेरो चातो या शांत ज्वालामुखीच्या पायथ्याशी, हिरव्या कड्यातून एका धारेत पडतो. शेवटच्या पायऱ्यांवरच तुषार अंगावर येतात आणि एकमेकींशी ओरडून बोलावं लागतं. धारेखालच्या डोहात ओढ जबरदस्त आहे, तिथे जाऊ नका. जरा खाली दगडांमधून नदी वाहते, तिथे आम्ही गळ्यापर्यंत बसलो. पाणी गार आणि इतकं नितळ की पायाशी मासे दिसत होते. पायऱ्या चढताना माझा दम निघाला. गुडघेदुखी असणाऱ्यांनी हा भाग विचार करून ठरवावा.

परत तबेल्यावर आलो तर दादाचा निरोप येऊन पडला होता. शिवाजीनगरला उतरल्यावर आमचे निरोप पाहून त्याने फॉर्म फोनवरच उघडला होता आणि बोटाने, वाकडीतिकडी, चारही पानांवर सही करून पाठवली होती. मी ती टेबलामागच्या बाईंना दाखवली आणि या वेळी सावकाश सांगितलं की हा फॉर्म आणि सहीचा नियम पैसे भरतानाच्या पहिल्या निरोपात घाला, म्हणजे दुसऱ्या कुणाची मुलगी अशी बाकावर बसणार नाही. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. बाहेर भाची नळाची धार धरून अबलखाच्या पायांवरचा चिखल धूत होती. एक खूर झाला की तो आपणहून दुसरा पाय उचलत होता.